मॉडेल ट्रकचे भाग स्टायरीनमधून घडवताना : डिझेल टाकी, पाटे आणि हौदा

१:२४ प्रमाणात भारतीय ट्रक करायचा म्हटले, की युरोपीय ट्रकचे किट घेऊन त्याची चासी, इंजिन आणि चाके वापरता येतात, केबिनही कुणाकडून तरी छापून किंवा रेझिनमध्ये ओतून घेता येते. पण आपल्या रस्त्यावरच्या ट्रकला ओळख देणारा फळ्यांचा हौदा, चासीला पट्ट्यांनी आवळलेली डिझेलची टाकी आणि आसांवरचे जाडजूड पाटे (लीफ स्प्रिंग) स्वतःच घडवावे लागतात. हात चांगला बसलेल्यांचेही हे भाग बिघडतात आणि त्याचे कारण बहुतेक वेळा कामाच्या क्रमात सापडते. माप पक्के होण्याआधी कटर चालतो, जोड वाळण्याआधी पॉलिश पेपर फिरतो, आणि भाग चासीवर बसतो की नाही हे तो रंगवून झाल्यावर पाहिले जाते.

खाली तीनही भाग ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करावेत. टाकी लहान आहे, तिच्यात कापणे, जोडणे आणि घासणे हे तिन्ही हात बसतात. पाटे त्यानंतर, कारण ट्रकची उंची त्यांच्यावर ठरते. हौदा शेवटी, कारण त्याची मापे चाकांच्या आणि केबिनच्या जागेवर अवलंबून असतात. हौदा आधी करून मग पाटे वरखाली करत बसणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

टप्पा १ : मापे घेणे आणि प्रमाणात उतरवणे

शक्य असेल तर खरा ट्रक मोजावा. निगडीची ट्रान्सपोर्टनगरी किंवा वाशीचे ट्रक टर्मिनल अशा ठिकाणी उभ्या ट्रकचे माप घेऊ द्या, अशी ड्रायव्हरला नीट विनंती केली तर सहसा कुणी नाही म्हणत नाही. उलट पाटे किती, सेंटर बोल्ट कुठे, हे तोच दाखवतो. सोबत पाच मीटरचा टेप, वही आणि एक मदतनीस असावा. प्रत्येक माप मिलिमीटरमध्ये लिहावे आणि शेजारी ते कुठून कुठपर्यंत घेतले याचे छोटे रेखाचित्र काढावे. “टाकी १०००” एवढेच लिहिले, तर ते पट्ट्यांसह की पट्ट्यांशिवाय, हे घरी आल्यावर आठवत नाही.

इशारा: ट्रकच्या खाली शिरू नये. आस, पाटे आणि टाकीची मागची बाजू बाहेरून वाकून दिसते तेवढीच मोजावी आणि उरलेले फोटोवरून काढावे.

फोटोवरून माप काढताना संदर्भासाठी एक पक्के माप लागते. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट या कामी उत्तम, कारण अवजड वाहनांसाठी तिचा आकार ३४० × २०० मिमी ठरलेला आहे. जुन्या ट्रकवर पेंटरने हाताने रंगवलेल्या पाट्यांना हा भरवसा नाही. दुसरा संदर्भ टायरचा. १०.००-२० या मापाच्या टायरचा बाहेरचा व्यास सुमारे १,०५० मिमी, तर ९.००-२० चा सुमारे १,०२० मिमी असतो. म्हणजे १:२४ मध्ये अनुक्रमे पावणेचव्वेचाळीस आणि साडेबेचाळीस मिमी. यात पुष्कळांची फसगत होते ती ‘२०’ या आकड्यामुळे. तो इंचांत रिमचा व्यास आहे हे खरे, पण टायर जिथे बसतो त्या जागेचा. बाहेर दिसणारी रिमची कड त्याहून बरीच मोठी असते. फोटोतली कड ५०८ मिमी धरली, तर सगळा ट्रक लहान निघतो.

फोटो जवळून काढू नये. दहा-बारा पावले मागे जाऊन झूम करून, ज्या भागाचे माप हवे त्याच्या मध्यरेषेइतक्या उंचीवर कॅमेरा धरून काढावा. जवळून काढलेल्या फोटोत हौद्याचे पुढचे टोक आणि मागचे टोक वेगवेगळ्या प्रमाणात येतात, आणि मग कोणतेही गणित जुळत नाही.

आता प्रमाण. १:२४ मध्ये खरा एक फूट म्हणजे १२.७ मिमी, बरोबर अर्धा इंच. आपल्याकडचे हौदे बांधणारे कारागीर आजही फुटांतच बोलतात, “सतरा फुटी”, “एकोणीस फुटी”, त्यामुळे हे रूपांतर पाठ असलेले बरे. सतरा फुटी हौदा म्हणजे २१५.९ मिमी. हेच १:२५ मध्ये २०७.३ मिमी होते. फरक चारच टक्क्यांचा असला, तरी हौद्याच्या लांबीत तो साडेआठ मिमी भरतो. अमेरिकन ट्रकची किटे बहुधा १:२५ मध्ये आणि युरोपीय ट्रकची १:२४ मध्ये येतात. दोन किटांतले भाग एकत्र वापरणार असाल, तर खोक्यावरचे प्रमाण आधी वाचावे.

तपासणी: सर्व मापे एका कागदावर प्रमाणात, म्हणजे मॉडेलच्या प्रत्यक्ष आकारात काढावीत, आणि त्या कागदावर चासी व चाके ठेवून पाहावीत. वाहनाची एकूण रुंदी नियमाप्रमाणे २.६ मीटरपेक्षा जास्त नसते. १:२४ मध्ये ते १०८.३ मिमी होतात. तुमचा हौदा याहून रुंद निघत असेल, तर चूक मापात आहे आणि ती इथेच दुरुस्त करायला हवी.

टप्पा २ : साहित्य पारखणे

या कामाला पॉलिस्टायरीन, म्हणजे थोडक्यात स्टायरीन, या प्लास्टिकचे शीट लागते. ०.२५, ०.५, १.० आणि १.५ मिमी या चार जाड्या पुरतात. त्याशिवाय ०.५ × ३.२ मिमीच्या तयार पट्ट्या, १.५ मिमीची चौकोनी कांडी, बाहेरून सुमारे २.४ मिमी व्यासाची नळी आणि ०.५ व ०.८ मिमीची पितळी तार घ्यावी. तयार पट्ट्या महाग वाटतात, पण पाट्यांसाठी एकसारख्या रुंदीच्या पट्ट्या हाताने कापणे हे नवख्या हाताचे काम नाही.

दुकानात जाहिरातीच्या बोर्डांसाठी मिळणारा सनबोर्ड पांढरा आणि गुळगुळीत असल्यामुळे पुष्कळ जण तोच उचलतात. तो फेसाळ पीव्हीसी असतो. त्याची कड कापल्यावर जाळीदार निघते आणि स्टायरीनचे पातळ सिमेंट, म्हणजे प्लास्टिक विरघळवून जोडणारा द्रव, त्याला धरत नाही. घरातल्या डब्या-झाकणांचे प्लास्टिक वापरायचे, तर तळाच्या त्रिकोणातला आकडा पाहावा : ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, ते चालते, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, त्याला या सिमेंटने काही चिकटत नाही. खात्रीसाठी तुकड्याच्या कोपऱ्यावर सिमेंटचा एक थेंब टाकावा. पृष्ठभाग मऊ आणि चिकट झाला तर माल बरोबर आहे.

हत्यारांत टोकदार पात्याचा कटर, स्टीलची पट्टी, छोटा गुण्या, व्हर्नियर, बारीक कानस, पिन व्हाइस (हाताने फिरवायचे छोटे ड्रिल), ०.५ ते १ मिमीची ड्रिल बिटे, चिमटा आणि ४०० ते १००० नंबरचे पाण्याचे पॉलिश पेपर इतके पुरे. पॉलिश पेपर नुसता बोटाने धरून कधीही वापरू नये. सपाट लाकडी ठोकळ्याला चिकटवून वापरावा. बोटाने घासलेली प्रत्येक कड गोल होते, आणि ट्रकच्या भागांत सरळ कडाच जास्त असतात.

इशारा: पातळ सिमेंटची वाफ डोक्यात चढते. खिडकी उघडी ठेवून, पंखा पाठीमागून येईल असे बसावे. घासकाम पाण्याखाली करावे, म्हणजे धूळ उडत नाही.

टप्पा ३ : आखणे आणि कापणे

स्टायरीन आरपार कापायचे नसते. पट्टी घट्ट धरून कटर हलक्या हाताने दोन-तीनदा फिरवावा आणि मग शीट ओरखड्याच्या विरुद्ध बाजूला वाकवावे. ते रेषेवर सरळ तुटते. पहिला हात सर्वांत हलका असावा, कारण पाते रेषेवरून घसरते ते पहिल्याच फेरीत. पट्टी नेहमी हव्या असलेल्या तुकड्यावर ठेवावी, म्हणजे पाते घसरले तरी टाकाऊ बाजूला जाते. ०.२५ मिमीचे शीट मात्र सरळ कापून घ्यावे, ते तोडायला गेले तर सुरकुतते.

कापलेल्या कडेच्या दोन्ही अंगांना किंचित उंचवटा उभा राहतो. डोळ्यांना तो फारसा दिसत नाही, नखाला मात्र लगेच लागतो. तो तसाच ठेवून जोडले, की सांध्यात फट राहते आणि पुढे त्या फटीत लांबी, म्हणजे पुट्टी, भरावी लागते. पाते आडवे धरून कड खरवडली की उंचवटा जातो. प्रत्येक तुकड्याला हे करायचेच आहे, लहान तुकड्यांनाही.

सारखे तुकडे हवे असतील तेव्हा प्रत्येक वेळी नव्याने मोजू नये. एक तुकडा अचूक करावा आणि त्यालाच माप मानून बाकीचे कापावेत, मग सर्व एकत्र धरून टोके एकदाच घासावीत. दहा तुकडे वेगवेगळे मोजले तर दहा वेगळी मापे होतात.

टप्पा ४ : डिझेल टाकी

समजा, टाकी १००० × ४०० × ४०० मिमी आहे. हिचे आकारमान १६० लिटर भरते आणि अशा ट्रकच्या टाकीला ते पटण्यासारखे आहे. मोजलेल्या मापांचा असा गुणाकार करून पाहणे हीही एक चांगली तपासणी आहे. प्रमाणात टाकी ४१.७ × १६.७ × १६.७ मिमी होते.

इथली नेहमीची चूक म्हणजे शीटची जाडी वजा न करणे. १.५ मिमी शीटची पेटी करताना सहाही बाजू पूर्ण मापाच्या कापल्या, तर पेटी ३ मिमीने फुगते, म्हणजे खऱ्या टाकीवर ७२ मिमी. म्हणून तुकड्यांची यादी आधी लिहावी : टोकांच्या दोन पट्ट्या १६.७ × १६.७; वरची व खालची पट्टी ३८.७ × १६.७, पुढची व मागची पट्टी ३८.७ × १३.७. लांबीतून दोन टोकांची जाडी गेली, उंचीतून वरखालची जाडी गेली. हे गणित कागदावर केल्याशिवाय कटर हातात घेऊ नये.

आधी चार लांब बाजूंची चौकट जुळवावी, गुण्याला टेकवून सिमेंट ब्रशने सांध्याला फक्त स्पर्श करावा. पातळ सिमेंट आपोआप आत ओढले जाते. आतल्या चारही कोपऱ्यांत १.५ मिमीची चौकोनी कांडी बसवावी आणि टोके शेवटी लावावीत. चासीकडे जाणाऱ्या, न दिसणाऱ्या बाजूला १ मिमीचे भोक आधीच पाडून ठेवावे. सर्व बाजूंनी बंद पेटीत सिमेंटची वाफ अडकली, तर ती आतून शीट मऊ करत राहते आणि काही दिवसांनी टाकीची एखादी बाजू आत बसलेली दिसते.

आता चोवीस तास टाकीला हात लावू नये. हा काळ कमी करण्याचा मोह सर्वांनाच होतो. पण मऊ सांध्यावर पॉलिश पेपर फिरवला, की तो त्या वेळी सपाट दिसतो आणि पुढच्या आठवड्यात आक्रसून तिथे खाच उमटते, तीही प्रायमर लावल्यावर.

वाळल्यावर चार लांब कडा गोल करायच्या. खऱ्या टाकीचे कोपरे ५० मिमी त्रिज्येचे धरले, तर मॉडेलवर २.१ मिमी. यासाठीच शीट १.५ मिमीचे घेतले आहे. एवढी गोलाई देताना कोपऱ्यावरून तिरक्या दिशेत सुमारे ०.८७ मिमी माल जातो. पेटी ०.५ मिमी शीटची असेल, तर तिच्या कोपऱ्यात तिरक्या दिशेत ०.७ मिमीच माल असतो आणि घासता घासता भोक पडते. गोलाई सगळीकडे सारखी यावी म्हणून पातळ शीटमध्ये २.१ मिमी त्रिज्येची खाच कापून तिचे माप करावे आणि दर काही हातांनंतर ते टाकीच्या कडेवरून टोकापासून टोकापर्यंत फिरवून पाहावे. उजेड दिसला तिथे अजून घासायचे आहे.

आवळपट्ट्या ०.२५ मिमी शीटच्या, २ मिमी रुंद कापून टाकीभोवती गुंडाळाव्यात. सुरुवात मागच्या बाजूने करावी, एक टोक चिकटवून पूर्ण वाळू द्यावे, मग ओढून फिरवावे. झाकण सुमारे ४ मिमीच्या चकतीचे होते. टाकी आत्ता चासीला चिकटवू नये, ब्रॅकेटमध्ये ०.८ मिमीची तार बसवून टाकी काढता-घालता येईल अशी ठेवावी.

टप्पा ५ : पाटे

पाट्यांचा जुडगा म्हणजे एक जाड तुकडा घेऊन त्यावर रेघा कोरणे, असे करणारे पुष्कळ आहेत आणि तो लांबूनही ओळखू येतो. खऱ्या जुडग्यात वरचे एक-दोन पाटे सोडले, तर प्रत्येक पाटा वरच्यापेक्षा आखूड असतो आणि त्याची टोके सुटी दिसतात. स्वतंत्र पट्ट्यांनी केलेल्या पाट्यांना दुप्पट वेळ लागतो, पण बाजूने पाहिलेल्या ट्रकचा सगळा भारदस्तपणा तिथेच असतो, म्हणून या भागाला वेळ द्यावा असे माझे आग्रहाचे मत आहे.

खरा पाटा १२ मिमी जाड आणि ७७ मिमी रुंद धरला, तर ०.५ × ३.२ मिमीची तयार पट्टी बरोबर बसते. पुढच्या जुडग्यात नऊ पाटे आणि मुख्य पाटा ५४ मिमी लांब असे उदाहरण घेऊ. वरचे दोन पाटे पूर्ण लांबीचे ठेवावेत, त्यापुढे प्रत्येक पाटा ६ मिमीने कमी करावा : ५४, ५४, ४८, ४२, ३६, ३०, २४, १८, १२. डाव्या आणि उजव्या दोन्ही जुडग्यांचे पाटे एकाच बैठकीत, जोडी-जोडीने कापावेत.

वाकवण्याआधी प्रत्येक पाट्याच्या बरोबर मध्यावर ०.५ मिमीचे भोक पाडावे. खऱ्या जुडग्यात सेंटर बोल्ट असतो, तोच इथे ०.५ मिमीच्या पितळी तारेने येतो, आणि चिकटवताना सर्व पाटे एका रेषेत धरण्याचे कामही तीच तार करते. टोकांच्या वरच्या कडा कानशीने किंचित उताराच्या कराव्यात. हे सर्व पट्टी सरळ असतानाच होते, वाकवल्यावर नाही.

वाक किती द्यायचा, हे गणिताने काढावे. ५४ मिमी लांबीला मध्यात ४ मिमी खोली हवी असेल, तर त्रिज्या सुमारे ९३ मिमी येते, म्हणजे साडेअठरा सेंटिमीटर व्यासाचा स्टीलचा डबा साच्याला चालतो. डब्याला पॅकिंग टेप गुंडाळावा, म्हणजे सिमेंट त्याला धरणार नाही. ट्रक भरलेला दाखवायचा असेल, तर वाक अर्धाच ठेवावा. ओझ्याखाली पाटे सरळ होत जातात. धान्याची पोती भरलेला हौदा आणि खाली रिकाम्या ट्रकसारखे वाकलेले पाटे, हे दृश्य कितीही चांगल्या रंगकामाने झाकले जात नाही.

पट्ट्या डब्यावर मास्किंग टेपने ताणून बसवाव्यात, त्यांवर उकळीच्या जवळ आलेले पाणी सावकाश ओतावे आणि मग गार पाणी ओतावे. पट्टी सोडल्यावर थोडी उलगडते, तेवढे चालते.

इशारा: हे काम मोरीत किंवा सिंकमध्ये, डबा आडवा पक्का टेकवून करावे. एका हातात डबा आणि दुसऱ्यात गरम पाणी असे करू नये.

आता जोडणी, आणि बहुतेक जण चुकतात ती इथेच. पाटे सपाट टेबलावर चिकटवून नंतर सगळा जुडगा वाकवता येत नाही. नऊ पट्ट्या एकजीव झाल्या की त्या साडेचार मिमीचा एकच ठोकळा होतात, तो एकतर वाकत नाही किंवा मध्ये तडकतो. जुडगा वाकलेल्या साच्यावरच जोडायचा. मुख्य पाटा डब्याला टेकवून आधी ठेवावा, त्याच्या भोकातून तार उभी करावी आणि त्यावर दुसरा, तिसरा असे आखूड होत जाणारे पाटे ओवावेत. म्हणजे साच्यावर जो सर्वांत वर आला, तो १२ मिमीचा पाटा ट्रकवर सर्वांत खाली, आसाकडे जाईल.

सिमेंट फक्त मध्यावर आणि प्रत्येक टोकाच्या आत एक बारीक थेंब, इतकेच लावावे. ब्रश पूर्ण भिजवून बाजूने फिरवला, तर सिमेंट सगळ्या फटींत ओढले जाते, प्लास्टिक विरघळून फटी बुजतात आणि ज्या रेघांसाठी एवढे कष्ट घेतले त्या नाहीशा होतात. दोन मास्किंग टेप आडवे बांधून जुडगा रात्रभर साच्यावर ठेवावा.

डोळे, म्हणजे मुख्य पाट्याच्या टोकांची वेटोळी, नळीचे ३.२ मिमी लांबीचे तुकडे लावून होतात. जुडगा आसाला आवळणारे यू-बोल्ट ०.८ मिमी तारेचे, कारण खरा बोल्ट २० मिमीच्या आसपास असतो. पुढचे टोक चासीच्या ब्रॅकेटला थेट आणि मागचे शॅकलला, म्हणजे झुलत्या कडीला, अशी मांडणी आपल्या ट्रकमध्ये सर्वसाधारण आहे; तरी ज्या ट्रकचे मॉडेल करता त्याचा फोटो पाहूनच ठरवावे. मागच्या आसावर मुख्य जुडग्यावर मदतीच्या पाट्यांचा दुसरा, छोटा जुडगा असतो, तो विसरला जातो.

तपासणी: चारही जुडगे सुटे टेकवून, आस आणि चाके लावून चासी काचेवर ठेवावी. चारही चाके काचेला टेकली पाहिजेत. चासीच्या खालच्या कडेपासून काचेपर्यंतचे अंतर डावीकडे आणि उजवीकडे सारखे भरले पाहिजे. एक चाक उचललेले राहत असेल, तर त्या बाजूच्या पाट्याखाली ०.२५ मिमीचा तुकडा सरकवावा. ही तपासणी पूर्ण होईपर्यंत हौद्याचे शीट बाहेर काढू नये.

टप्पा ६ : हौदा

सतरा फूट लांब, सात फूट रुंद आणि चार फूट उंच बाजूंचा फळ्यांचा हौदा घेऊ. प्रमाणात २१५.९ × ८८.९ मिमीचा तळ आणि ५०.८ मिमीच्या बाजू. सहा इंची फळी ६.३५ मिमीची होते, म्हणजे बाजूला बरोबर आठ फळ्या बसतात.

क्रम असा : चासीवर बसणाऱ्या दोन लांब तुळया, त्यांवर आडव्या तुळया, मग तळ, मग पुढची भिंत, दोन बाजू आणि शेवटी मागचा फाळका. आडव्या तुळयांची जागा ठरवताना मागच्या टायरच्या वर आणि पाट्यांच्या ब्रॅकेटवर काय येते, हे चासी जवळ ठेवूनच पाहावे.

बाजूंच्या भिंतींची अडचण वेगळी आहे. पातळ शीटच्या एकाच अंगाला फळ्या चिकटवल्या, की सिमेंट वाळताना शीट त्या अंगाकडे ओढले जाते आणि दोन दिवसांनी भिंत धनुष्यासारखी होते. हौद्याची भिंत दोन्ही अंगांनी दिसते, त्यामुळे उपाय सोपा आहे : मध्ये ०.५ मिमीचे शीट, आतून ०.५ मिमीच्या फळ्या आणि बाहेरून ०.५ मिमीच्या फळ्या, आणि दोन्ही अंगे एकाच बैठकीत. एकूण जाडी १.५ मिमी म्हणजे खऱ्या ३६ मिमी, दीड इंची फळीच्या अगदी जवळ. अर्धा तास वाफ जाऊ द्यावी, मग जाड काचेवर ठेवून वर वजन द्यावे आणि पुढच्या दिवसापर्यंत विसरून जावे. वरच्या कडेला तीन थर दिसतात, ते ०.२५ मिमीच्या पट्टीने झाकावेत. खऱ्या हौद्यालाही तिथे लोखंडी पट्टी असतेच.

लाकडाच्या रेषा फळ्या चिकटवण्याआधी काढाव्यात. बारीक दात्यांच्या करवतीचे पाते फळीवरून लांबीच्या दिशेने ओढले की पुरते. जोर लावू नये : ०.२ मिमी खोल ओरखडा म्हणजे खऱ्या फळीत जवळपास ५ मिमी खोल चर, आणि असा हौदा कुजलेला दिसतो. प्रत्येक फळीच्या रेषा वेगळ्या याव्यात म्हणून पट्ट्या आधी कापून, मग सुट्या सुट्या ओरखडाव्यात. एकाच मोठ्या शीटवर ओरखडे काढून नंतर फळ्यांच्या फटी कोरल्या, तर रेषा एका फळीतून दुसरीत जाताना दिसतात.

उभे खांब सारख्या अंतरावर लावावेत. सहा खण केले तर प्रत्येक खण ३६ मिमीचा. खांबांच्या जागा दोन्ही बाजूंच्या भिंती एकमेकींवर ठेवून एकदाच आखाव्यात.

भिंती उभ्या करण्याआधी पुढची भिंत दोन बाजूंच्या मध्ये येते की त्यांच्या पुढे, हे ठरवून घ्यावे. मध्ये येत असेल आणि बाजू तळावर उभ्या असतील, तर तिच्या रुंदीतून दोन भिंतींची जाडी, म्हणजे ३ मिमी, वजा करावी लागते. पुढची भिंत आणि एक बाजू गुण्यात धरून आधी जोडावी, ती पूर्ण वाळल्यावर दुसरी बाजू. तिन्ही एकाच वेळी उभ्या करायला गेले, तर एक सरळ करताना दुसरी ढळते.

तपासणी: तळाचे दोन्ही कर्ण मोजावेत. २१५.९ × ८८.९ मिमीच्या चौकटीचा कर्ण २३३.५ मिमी असतो. दोन कर्णांत अर्ध्या मिमीपेक्षा जास्त फरक असेल, तर सिमेंट ओले आहे तोवरच चौकट दाबून सरळ करावी.

फाळका स्वतंत्र ठेवावा. बिजागऱ्या ०.५ मिमी तारेवर नळीचे तुकडे ओवून करता येतात, पण उघडझाप करणारा फाळका प्रत्येकाने केलाच पाहिजे असे नाही. बंद फाळका नीट बसला आणि साखळ्या व खिट्ट्या जागेवर असल्या, तर तो जास्त खरा दिसतो.

टप्पा ७ : नट, बोल्ट आणि किरकोळ भाग

एम १६ (१६ मिमी जाडीच्या) बोल्टच्या नटाची रुंदी २४ मिमी असते, म्हणजे १:२४ मध्ये बरोबर १ मिमी. १ मिमीच्या षट्कोनी कांडीचे काप काढले की नट तयार. एम २० चा नट १.२५ मिमी होतो. यू-बोल्टना मोठे, हौद्याच्या पट्ट्यांना लहान, एवढा फरक ठेवला तरी काम खरे वाटते. काप चिमट्याने उचलण्याऐवजी पात्याच्या ओल्या टोकाने उचलावेत, उडत नाहीत.

टप्पा ८ : प्रायमर आणि अखेरची जोडणी

टाकी, पाटे आणि हौदा वेगवेगळे रंगवावेत. आधी साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्यावे. वाहनांसाठी मिळणारे स्प्रे-प्रायमर काही वेळा उघड्या स्टायरीनला चरतात, म्हणून प्रत्येक नवा डबा टाकाऊ तुकड्यावर मारून पाहावा. पातळ हात द्यावेत. कोकणात किंवा मुंबईत भर पावसाळ्यात लॅकर मारले, तर हवेतल्या दमटपणामुळे रंगावर पांढुरकी साय येते. पाऊस उघडलेल्या कोरड्या दिवसाची वाट पाहावी.

पहिल्या हातात न दिसलेल्या फटी दिसू लागतात. त्या लांबीने भरून, वाळल्यावर ६०० नंबरने घासून पुन्हा प्रायमर द्यावा. लांबी एकदम जाड भरू नये, ती आत आक्रसते.

जोडताना आधी पाटे आणि आस, मग टाकी, मग केबिन आणि सर्वांत शेवटी हौदा. हौदा बसवण्याआधी केबिनची मागची भिंत आणि हौद्याची पुढची भिंत यांत फोटोप्रमाणे फट राहते का, आणि मागच्या टायरच्या वर तळाखाली पुरेशी जागा आहे का, ते पाहावे. हौदा तुळयांमधून घेतलेल्या दोन बारीक स्क्रूंनी चासीला धरावा आणि चिकटवू नये, कारण मागच्या दिव्यांच्या तारा, ब्रेकच्या नळ्या आणि पाट्यांचे शॅकल यांना नंतर हात घालायचा झाला, तर तो हौदा उतरवूनच घालता येतो.